घर विकायला काढलंय आणि घरात दोन बारकी पोरं: आम्ही सांगलीत कसं निभावलं, तुम्ही काय काय करा

पहिली पार्टी घर बघायला आली तेव्हा आमच्या थोरलीनं दारातच त्यांना सांगितलं, "काका, आमच्याकडं बोट आली होती." बोट आली होती हे खरंय, २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात, पण ती तेव्हा नऊ महिन्यांची होती म्हणजे तिला आठवायचं काही कारणच नाही, आमच्याकडं तो किस्सा इतक्यांदा सांगून झालाय की तिला वाटतं वल्हं तिनंच मारलं. पार्टीनं चहासुद्धा घेतला नाही. एजंट नंतर मला म्हणतो, "वहिनी, पोरांना जरा गप करा की."

त्या रात्री मी आणि नवरा बसलो आणि ठरवलं की पोरांना गप बिप करायचं नाही, ती बोलणारच हे धरून चालायचं आणि घर विकायची सगळी कामं पोरांच्या दिवसात जिथं जागा असेल तिथं बसवायची. गावभागातलं बैठं घर, थोरली सव्वापाचची, बारका दीड वर्षाचा, सासूबाई, आणि मी अर्धवेळ नोकरी करणारी. २०२३ च्या दिवाळीनंतर सुरू केलं आणि मे २०२४ ला ताबा दिला. हल्ली ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतं म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहिते.

आधी कॅलेंडर काढा, उलटं मोजा

शाळा जूनच्या मध्याला सुरू होते. तिथून मागं मोजायचं. मे महिन्यात सामान हलवायचं म्हणजे पोरांची परीक्षा पण संपलेली असते आणि नव्या जागेत रुळायला महिनाभर मिळतो. मग ताबा मे मध्ये हवा तर इसार (व्यवहार पक्का करायची आगाऊ रक्कम) फार तर मार्चपर्यंत व्हायला पाहिजे, कारण घेणाऱ्याचं बँकेचं लोन मंजूर व्हायला, वकिलाचा सर्च रिपोर्ट (जागेचे जुने व्यवहार तपासून दिलेला) यायला दीड-दोन महिने सहज जातात. म्हणजे घर दाखवणं जानेवारी-फेब्रुवारीत, आणि रंगरंगोटी, कागद वगैरे दिवाळीच्या आसपास.

पितृपक्षात कुणी घर बघायला येत नाही, आलं तरी बोलणी करत नाही. तो पंधरवडा कागद गोळा करायला भारी आहे, सरकारी ऑफिसात पितृपक्ष पाळत नाहीत. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा यांच्या आधीचे पंधरा दिवस फोन जास्त वाजतो, लोकांना इसार मुहूर्तावर द्यायचा असतो.

आणि एक सांगलीची खास गोष्ट म्हणजे जुलै-ऑगस्ट. त्या दिवसांत जे बघायला येतात ते घर कमी आणि पाणी जास्त बघतात, त्याच्यावर पुढं लिहिलंय.

पोरांना कधी आणि काय सांगायचं

दीड-दोन वर्षांच्या बाळाला सांगून काही उपयोग नाही, त्याला फक्त आपली धावपळ कळते आणि तो कडेवरनं उतरत नाही. आमचा बारका त्या चार महिन्यांत सुटलेली बाटली परत मागायला लागला. होतं असं, लक्ष देऊ नका, स्थिरस्थावर झालं की जातं.

चार ते सातची पोरं मात्र अवघड. आम्ही चूक ही केली की तिला सांगितलंच नाही, आणि मग एक दिवस ती शेजारच्या काकूंना म्हणाली "आमच्या घरी सारखे पाहुणे येतात पण जेवत नाहीत." नंतर बसून सांगितलं. दोनच गोष्टी सांगायच्या, आपण सगळे मिळून दुसऱ्या घरी जाणार आहोत, आणि तुझी गादी, तुझी सायकल, आज्जी, सगळं बरोबर येणार आहे. पोरांना खरी भीती असते की घराबरोबर आपल्या वस्तू पण विकल्या जाणार. थोरलीनं विचारलं होतं, "झोपाळा पण त्यांना देणार?" झोपाळा आम्ही देणारच होतो, कडी स्लॅबमधली म्हणून. तो शेवटी आणला, कडी राहू दिली.

तारीख सांगू नका. पोरांना तारीख सांगितली की रोज सकाळी विचारतात, आणि तारखा आपल्या हातात नसतात.

कागद: शाळेच्या तीन तासांत जेवढं होईल तेवढं

हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं, आणि पोरांना घेऊन करायचं काम अजिबात नाही. रोज एकच काम धरा. एक दिवस घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी नाही असा दाखला, एक दिवस महावितरणचं बिल नावावर आहे का बघणं, एक दिवस वकील. मी थोरलीला शाळेत सोडून बारक्याला सासूबाईंकडं ठेवून जायचे आणि साडेबाराच्या आत परत. काम झालं नाही तरी परत.

प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे शहरातल्या जागेचा मालकीचा उतारा, आता ऑनलाइन, डिजिटल सहीचं मिळतं, त्याला सिटी सर्व्हे ऑफिसला चकरा मारायची गरज नाही. तुमच्या जागेवर आधी कोणकोणते दस्त झालेत ते नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्चमध्ये बघता येतं, इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सारांश, तिथंच दिसतो. हे सगळं मी रात्री पोरं झोपल्यावर केलं, साइट पण रात्रीच बरी चालते.

आता कुठं अडकतं ते सांगते. आमच्या कार्डावर सासऱ्यांचं नाव होतं, ते जाऊन सहा वर्षं झाली तरी वारसनोंद केलेली नव्हती. म्हणजे सासूबाई, नवरा आणि नणंद, तिघांची नावं लागली, आणि मग नणंदेचं रजिस्टर हक्कसोडपत्र. ती पुण्याला असते, तिची पण पोरं बारकी, तिला शाळेच्या सुट्टीतच जमणार होतं. त्यात आमचा दीड महिना गेला. तर घर वडिलोपार्जित असेल किंवा घरातलं कुणी गेलेलं असेल तर रंगाआधी, फोटोआधी, एजंटआधी हे. बहिणींना शेवटच्या दिवशी फोन करून "सहीला ये" म्हणायचं नसतं, त्यांचा हक्क आहे तो, नीट घरी जाऊन बोला.

दुसरं, हौसेनं कुणी घर किंवा प्लॉट लहान पोराच्या नावानं घेतलेला असतो, "बाळाच्या पायगुणानं झालं" म्हणून. अशी स्वतंत्र पोराच्या नावावर असलेली प्रॉपर्टी आईबाप स्वतःच्या सहीनं विकू शकत नाहीत, कोर्टाची परवानगी लागते. १९५६ चा कायदा आहे. परवानगीशिवाय विकलं तर पोरगं सज्ञान झाल्यावर तो व्यवहार रद्द करून मागू शकतं, म्हणून शहाणा खरेदीदार तसलं घर घेतच नाही. पोराचं नाव कार्डावर असेल तर आजच वकिलाकडं जा.

तिसरं गुंठेवारी, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेले प्लॉट. सांगली-कुपवाडात गुंठेवारीतली घरं भरपूर आहेत. नियमितीकरणाचा कायदा २००१ चा, आणि २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात बसवली. नियमितीकरणाचं प्रमाणपत्र नसेल तर बऱ्याच बँका घेणाऱ्याला लोन देताना मागं सरतात, आणि लोनशिवाय घेणारी पार्टी भाव पाडून मागते. त्यामुळं ते आधी.

लोन चालू असेल तर बँकेकडनं दोन पत्रं मागा, किती रक्कम भरली की खातं बंद होतंय ते, आणि त्यांच्याकडं कोणकोणते मूळ कागद जमा आहेत त्याची यादी. दुसरं पत्र घेणाऱ्याची बँक हमखास मागते. पूर्ण पैसे भरल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे १ डिसेंबर २०२३ पासून, उशीर झाला तर बँकेला दिवसाला ५,००० भरपाई द्यावी लागते. हे नुसतं माहीत आहे असं दाखवलं तरी काउंटरवरची माणसं जरा हलतात.

रंग, ओल आणि खडू

पूर येऊन गेलेल्या घराच्या भिंतींना लोणा लागतो, पांढरी पावडर सुटते, पोपडे पडतात. वरनं रंग मारून ते झाकायच्या भानगडीत पडू नका, दोन महिन्यांत परत बाहेर येतं आणि तोवर तुम्ही पार्टीला घर दाखवत असता. आम्ही खालच्या चार फुटांचं प्लास्टर काढून नवीन केलं, बाकी घराला नुसता एक हात. खर्च झाला, पण बघणाऱ्याचा हात सगळ्यात आधी भिंतीच्या खालच्या भागावरच जातो, सांगलीची माणसं ती.

पोरांनी भिंतीवर काढलेल्या चित्रांचं असं आहे. ऑइल पेंट असेल तर ओल्या फडक्यावर थोडी टूथपेस्ट किंवा भांडी घासायचं लिक्विड घेऊन खडू निघतो. डिस्टेंपर असेल तर घासू नका, रंगच निघून येतो आणि जास्त वाईट दिसतं. मेणाचा खडू डायरेक्ट रंगाखालनं परत वर येतो, म्हणून तेवढ्या जागेवर आधी प्रायमर, मग रंग. आणि रंग झाल्यावर पोरांना "भिंतीवर काढायचं नाही" म्हणण्यापेक्षा दाराच्या मागच्या बाजूला मोठा कागद चिकटवून द्या, आमच्याकडं तेवढंच चाललं.

ह्या कामाच्या वेळी पोरं घरात नकोत. वासाचं तर आहेच, पण जुना रंग घासताना जी धूळ उडते त्यात शिसं असू शकतं. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) आत पाहिजे हा नियम आपल्याकडं नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या ऑइल पेंटचा भरवसा नाही, आणि लहान पोरांच्या मेंदूला शिसं फार वाईट. रांगणारं बाळ जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं. मी दोघांना घेऊन दिवाळीच्या सुट्टीत दहा दिवस माहेरी तासगावला गेले. परत यायच्या आधी नवऱ्यानं फरशी तीनदा ओल्या फडक्यानं पुसली, झाडू मारू दिला नाही, झाडूनं धूळ परत उडते.

पसारा: दहा खेळणी, एक बादली

पोरं असलेलं घर म्युझियमसारखं दिसू शकत नाही आणि दिसायची गरज पण नाही. येणारी पार्टी बहुतेक वेळा आपल्यासारखीच असते, त्यांची पण पोरं असतात. त्यांना फक्त जागा दिसली पाहिजे. म्हणजे जमीन मोकळी, ओटा मोकळा, खिडक्या मोकळ्या.

आम्ही खेळणी तीन भागांत केली. एक भाग फुटका-तुटका, गपचूप रात्री भंगारात. एक भाग माहेरी पाठवला दोन पोती भरून. आणि घरात फक्त दहा ठेवली, एका निळ्या बादलीत मावतील एवढीच. फोन आला की थोरलीचं काम ती बादली भरायची, ह्यात ती इतकी तरबेज झाली की फोन वाजला रे वाजला की बादली घेऊन पळायची, मग फोन गॅसवाल्याचा का असेना.

पार्टी यायच्या आधीचा माझा पंधरा मिनिटांचा क्रम असा होता: बेसिनमधली भांडी एका मोठ्या टबात घालून टब मागच्या मोरीत, दोरीवरचे कपडे काढून सगळे वॉशिंग मशीनमध्ये, डायपरचा डबा बाहेर, सगळ्या खिडक्या उघड्या आणि दिवसा पण सगळ्या लाइट चालू, बाथरूमची फरशी कोरडी. अंथरूण ओलं करणारं पोरगं घरात असेल तर गाद्या आधीच गच्चीवर उन्हात टाकत जा, तो वास आपल्याला येत नाही, आलेल्याला पहिल्यांदा येतो. उदबत्ती लावू नका एवढ्यासाठी, लोकांना संशय येतो की काहीतरी लपवतायत. मी आलं घालून चहा टाकायचे. बास.

फोटो आणि ऑनलाइन टाकणं

फोटो एकाच दिवशी, सकाळी नऊ-साडेनऊला, पोरं घरात नसताना. फोटोत पोरांचे फोटो, शाळेचं आयकार्ड, ट्रॉफीवरचं नाव, दारावरची पाटी, गाडीचा नंबर काही येता कामा नये. माझ्या पहिल्या सेटमध्ये फ्रिजवर शाळेचं वेळापत्रक दिसत होतं, म्हणजे पोरगी कुठल्या शाळेत आणि किती वाजता सुटते सगळं जगाला. नणंदेनं दाखवलं तेव्हा पोटात गोळा आला, काढून टाकले सगळे.

बाळाचा पाळणा, वॉकर, जुनं कपाट असलं सामान ऑनलाइन विकायला काढाल तेव्हा सैन्यात आहे म्हणून सांगणारा, न बघता पूर्ण किंमत देणारा आणि क्यूआर पाठवणारा माणूस हमखास भेटतो. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही कधीच. पिन मागितला की फोन ठेवा.

घर दाखवायची वेळ ठरवा आणि एजंटला लिहून पाठवा

सगळ्यात जास्त जीव ह्यानं जातो. एजंट दाराशी येऊन फोन करतो, "वहिनी, पार्टी घेऊन आलोय, पाचच मिनिटं," आणि बारका आत्ताच झोपलेला असतो. पहिले तीन आठवडे मी प्रत्येक वेळी हो म्हणत गेले, परिणाम हा की पोरगं रात्री अकरापर्यंत किरकिर करायचं आणि मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात पेंगायचे.

मग दोन्ही एजंटना व्हॉट्सॲपवर एकच मेसेज पाठवला. सोम ते शनि साडेचार ते साडेसहा, रविवारी दहा ते साडेबारा, निदान दोन तास आधी फोन, दुपारी एक ते चार कुणीही नाही. एक एजंट रुसला, "अशानं घर विकत नाही" म्हणाला. विकलं ते दुसऱ्या एजंटनं, रविवारी सव्वाअकराला.

रविवारी तीन-चार पार्ट्या लागोपाठ बोलवा. एकदाच आवरायचं, आणि एक पार्टी निघताना दुसरी दारात चपला काढताना दिसली की पहिल्या पार्टीचा सूर आपोआप बदलतो. त्या अडीच तासांत नवरा दोघांना घेऊन आमराईत जायचा, घसरगुंडी, भडंग, परत. बाहेर नेणारं कुणी नसेल तर शेजारी ठेवा, पण घर दाखवताना कडेवर बाळ घेऊन फिरू नका, तुमचं लक्ष बाळाकडं आणि पार्टी कपाटं उघडतेय.

हो, कपाटं उघडतात लोक. दागिने, चेकबुक, पोरांची औषधं, आधारकार्डं एका पिशवीत करून नवऱ्याच्या गाडीच्या डिकीत. आलेल्यातलं कुणी पोरांचा फोटो काढायला लागलं किंवा "चल, चॉकलेट देतो" करायला लागलं तर सरळ नको म्हणा. बहुतेक सगळी चांगलीच माणसं असतात, पण ती आपली ओळखीची नसतात, आणि पोरांना आपणच शिकवलेलं असतं ना की अनोळखी माणसाकडनं काही घ्यायचं नाही, मग घरात आलेला माणूस ओळखीचा का अनोळखी, त्या पोरानं ठरवायचं कसं? आम्ही तिला सांगितलं होतं, "हे घर बघायला आलेत, आपल्याला नाही."

वास्तूचे प्रश्न येणार. देवघर कुठल्या दिशेला, संडास ईशान्येला आहे का, बोअर कुठं. वाद घालू नका, जे आहे ते सांगा. फोनवरच दाराची दिशा सांगून टाकली तर दक्षिणमुखी नको असणारे येतच नाहीत, तुमची एक संध्याकाळ वाचते.

पाण्याचं काय सांगायचं

सगळं. थोरलीनं आमच्यासाठी हा प्रश्न सोडवला होताच.

आम्ही एक कागद केला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ४० फूट झालं की इशारा पातळी आणि ४५ ला धोका पातळी हे सांगलीत पाळण्यातल्या पोराला पण माहीत असतं, पण पुलाची पातळी किती झाली की आपल्या गल्लीत, मग उंबऱ्याशी, मग घरात किती, हे फक्त तिथं राहणाऱ्याला माहीत असतं. ते लिहिलं. पुलाला साधारण ५३ झालं की आमच्या उंबऱ्याला पाणी. २०१९ ला पूल ५७ च्या वर गेला तेव्हा घरात चार फूट, २०२१ ला पुन्हा दीड फूट. मुख्य दाराच्या चौकटीवर २०१९ ची रेघ होती ती पुसली नाही. निळ्या आणि लाल पूररेषेचा नकाशा असतो, निळी म्हणजे २५ वर्षांतनं एकदा येणारा पूर आणि लाल म्हणजे १०० वर्षांतनं एकदा, आपलं घर त्यात कुठं बसतं ते महापालिकेच्या नगररचनाकडं विचारून ठेवा, कारण घेणाऱ्याचा वकील विचारणारच.

ह्यानं भाव पडला का? पडला थोडा. पण तो सगळ्यांना माहीत असलेला भाव होता, लपवून चढा भाव सांगितला असता तर तो बैठकीत उतरलाच असता आणि शिवाय खोटारडे ठरलो असतो. ज्यांनी घेतलं त्यांचं दुकान जवळच होतं, त्यांना वरचा मजला चढवायचा होता आणि त्यांना तो कागदच आवडला. "आधीच्या घरवाल्यानं आम्हाला कधी असं सांगितलं नव्हतं," म्हणाले.

बैठक आणि इसार

भावाची बैठक स्वतःच्या घरात, पोरांसमोर करू नका. आम्ही एकदा केली, आणि नवरा "शेवटचा आकडा हाच" म्हणत असताना थोरली म्हणाली, "पप्पा, तू मम्मीला तर कमी सांगितलावतास." हसले सगळे, पण ती बैठक मोडली. पुढची एजंटच्या ऑफिसात केली.

आकडा ठरला की इसारपावतीवर किंवा साठेखतात (खरेदीखताआधीच्या करारात) पोरं असलेल्या घरानं ह्या गोष्टी घालून घ्याव्यात: ताब्याची तारीख शाळा संपल्यानंतरची, लोनला उशीर झाला तर किती दिवसांची मुदत, काय काय घरासोबत जाणार आणि काय नाही (पंखे, गिझर, इन्व्हर्टर, आमच्यासारखा झोपाळा), आणि व्यवहार मोडला तर इसाराचं काय. आम्ही ताबा खरेदीखतानंतर पंधरा दिवसांनी असा मागून घेतला होता. घेणारे सहज कबूल होतात, आधी मागायचं फक्त. नंतर मागितलं की उपकार होतात.

रोख घेऊ नका. घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो, रोख घेणाऱ्याला. आणि घर विकताना रोख घेणारे आपणच. घराची किंमत ५० लाख किंवा वर असेल तर समोरचा १ टक्का टीडीएस कापून देतो, तो आपल्या पॅनवर आला का बघा. मुद्रांक शुल्क खरेदीदाराचं, पण सांगून ठेवा की महापालिका हद्दीत ६ टक्के आहे आणि घर बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का कमी लागतो, बैठकीत हे वाक्य फार कामाला येतं.

घर दोन वर्षांपेक्षा जास्त काळ तुमचं असेल तर नफ्यावरचा टॅक्स दुसरं राहतं घर घेऊन वाचवता येतो, तयार घर असेल तर विकण्याच्या आधी एक किंवा नंतर दोन वर्षांत, बांधणार असाल तर तीन वर्षांत. रिटर्न भरायच्या मुदतीपर्यंत पैसे लागले नसतील तर ते बँकेत कॅपिटल गेन खात्यात ठेवावे लागतात. सीएकडं इसाराआधी जा, आम्ही नंतर गेलो आणि बोलणी खाल्ली.

रजिस्टर ऑफिसात पोरं नेऊ नका

सर्व्हर डाऊन असतो. हे वाक्य लिहून भिंतीवर लावा. आम्हाला साडेअकराचा टोकन होता आणि अंगठे पाच वाजता झाले. ज्यांची ज्यांची नावं कार्डावर आहेत ते सगळे लागतात, म्हणजे बाळाला पाजणारी आई सहमालक असेल तर ती पण. मग तिच्याबरोबर बाळाला घेऊन बसणारं एक माणूस, पाणी, दोन जोडी कपडे, आणि भूक लागेल एवढा खाऊ. सासूबाईंचा अंगठा मशीनला उमटेना, घरकामानं रेघा झिजलेल्या, चार वेळा हात धुऊन घेतले तेव्हा लागला. वयस्कर माणूस सहीला असेल तर हे धरून चाला. आधार, पॅन सगळ्यांचं मूळ.

सामान आणि शेवटचे पंधरा दिवस

पोरांचं सामान सगळ्यात शेवटी बांधायचं आणि सगळ्यात आधी सोडायचं. आम्ही नव्या घरी, विश्रामबागच्या बाजूला, ट्रक यायच्या आधी त्यांच्या गाद्या, निळी बादली, दुधाचं पातेलं आणि देव घेऊन गेलो. पहिल्या रात्री बारका नेहमीच्या चादरीवर नेहमीच्या वेळेला झोपला, थोरली दोन वाजता उठून संडास कुठंय विचारत बसली. तिला दुपारीच दोन-तीनदा वाट दाखवून ठेवायला हवी होती, आणि पॅसेजला रात्रीची लाइट.

शाळा बदलणार असेल तर शाळा सोडल्याचा दाखला एप्रिलमध्येच मागा, मे मध्ये ऑफिसला कुणी भेटत नाही. लसीकरणाचं कार्ड ट्रकमध्ये जाऊ देऊ नका, स्वतःच्या पर्समध्ये ठेवा. जुन्या घराचं मीटर घेणाऱ्याच्या नावावर होईपर्यंत बिल तुमच्याच नावानं येतं, ताब्याच्या दिवशी मीटरच्या रीडिंगचा फोटो दोघांनी मिळून काढा.

आणि चौकटीचं राहिलं. पुराच्या रेघेच्या खाली थोरलीच्या उंचीच्या पेन्सिलच्या रेघा होत्या, दर वाढदिवसाची एक, आणि तिला पाणी ओलांडायचं होतं, पाच-सहा इंच राहिलं होतं. मी वर्तमानपत्राची उभी पट्टी चौकटीला लावून सगळ्या रेघा त्याच्यावर उतरवून घेतल्या, पुराची पण, तिनंच सांगितलं म्हणून. नव्या घराच्या चौकटी ग्रॅनाइटच्या आहेत, पेन्सिल उमटत नाही, म्हणून ती पट्टी आता तिच्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं चिकटवलीय.